परिशिष्टातला शेवटचा रकाना

प्रबंध हातात आला की मी तो मागून उघडते. आधी परिशिष्ट, मग संशोधन पद्धतीचं प्रकरण, मग निष्कर्ष, आणि प्रस्तावना सगळ्यात शेवटी. भूजलाच्या रसायनावर एम.एस्सी.च्या मुलांनी केलेलं काम तपासायचं तर खरा ऐवज परिशिष्टातच असतो. कुठल्या विहिरीचं पाणी, कुठल्या तारखेला घेतलं, त्यात काय किती निघालं. प्रबंधातले नकाशे, आलेख, शिफारशी, सगळं त्या तक्त्यावर उभं असतं. तक्ता खरा असेल तर लिहिण्यातल्या चुका सुधारता येतात. तक्ता कच्चा असेल तर वरचं कितीही सुबक असो, त्याला आधार नसतो.

मागच्या वर्षी एका महाविद्यालयाने बहिःस्थ परीक्षक म्हणून मला नऊ प्रबंध पाठवले. तोंडी परीक्षा शनिवारी होती, प्रती बुधवारी हातात पडल्या. पीडीएफ आधी आल्या होत्या, पण पेन्सिलीने खुणा केल्याशिवाय माझं वाचन होत नाही म्हणून मी छापील प्रती मागून घेतल्या. प्रत्येकी ऐंशी-नव्वद पानं. नवीन शैक्षणिक धोरणाच्या आराखड्यात संशोधन प्रकल्पाला तिसऱ्या सत्रात 4 आणि चौथ्या सत्रात 6 क्रेडिट आहेत, म्हणजे पदवीतला चांगलाच मोठा वाटा. शिवाय मुलं मे महिन्याच्या उन्हात बाटल्या घेऊन गावोगाव हिंडलेली असतात. ते काम अर्ध्या तासात चाळून गुण देणं मला पटत नाही. मी दोन दिवसांची रजा टाकली आणि जेवणाच्या टेबलावर नऊ गठ्ठे मांडले.

प्रत्येक प्रतीत पुढेच सॉफ्टवेअरचा साम्य-अहवाल लावलेला होता, म्हणजे मजकूर दुसरीकडच्या लिखाणाशी किती जुळतो त्याचा. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या (यूजीसी) 2018 च्या विनियमांप्रमाणे 10 टक्क्यांपर्यंत साम्य चालतं. त्यापुढे 40 टक्क्यांपर्यंत असेल तर ठरावीक मुदतीत, जास्तीत जास्त सहा महिन्यांत, दुरुस्त करून द्यायचं. 40 ते 60 असेल तर वर्षभर सुधारित प्रत सादर करता येत नाही, आणि 60 च्या वर गेलं तर नोंदणीच रद्द. नऊच्या नऊ प्रबंध 10 च्या आत होते. हा आकडा खाली आणण्यात मुलांचे किती दिवस जातात ते मी माझ्या विभागात रोज पाहते. बेसाल्ट हा लाव्हा थंड होऊन बनलेला खडक आहे, एवढी साधी गोष्ट सांगायला ती तीन-तीनदा वाक्य फिरवतात. आणि एवढं करून सॉफ्टवेअर फक्त वाक्यं जुळतात का ते सांगतं. 17 नंबरच्या विहिरीत कॅल्शियम 68 होतं की 86, हे त्याला कळायचा मार्ग नाही. ते परीक्षकानेच पाहायचं असतं, आणि पाहण्याची एक जुनी रीत आहे.

पाण्यात विरघळलेले क्षार म्हणजे विद्युत्भार असलेले कण. कॅल्शियम, मॅग्नेशियम, सोडियम, पोटॅशियम हे धन भाराचे, म्हणजे धनायन. बायकार्बोनेट, क्लोराइड, सल्फेट, नायट्रेट हे ऋण भाराचे, म्हणजे ऋणायन. पाण्याला हात लावला तर झटका बसत नाही, म्हणजे दोन्हीकडचा भार सारखा असलाच पाहिजे. म्हणून प्रयोगशाळेत आलेला प्रत्येक आकडा त्याच्या तुल्यभाराने (एक एकक विद्युत्भारामागे येणाऱ्या वजनाने) भागून मिलिइक्विव्हॅलंट या सामाईक एककात आणायचा, धनायनांची बेरीज एकीकडे, ऋणायनांची दुसरीकडे, आणि दोन्हींतला फरक एकूण बेरजेच्या टक्केवारीत काढायचा. हा आयन बॅलन्स. फरक साधारण 5 टक्क्यांच्या आत असेल तर विश्लेषण ग्राह्य धरतात. मोजमाप माणसाने केलेलं असल्यामुळे फरक शून्य येत नाही. कधी धन बाजू थोडी जड, कधी ऋण.

परिशिष्टातल्या तक्त्यात हा शेवटचा रकाना असतो. माझी पेन्सिल आधी तिथे जाते.

नऊपैकी एका मुलाच्या रकान्यात सगळीकडे 0.0 होतं. चाळीस नमुने, चाळीस वेळा शून्य. असा रकाना दिसला की वाईट शंका येते, मलाही आली. नंतर तोंडीत त्याला विचारलं तेव्हा त्याने लगेच सांगितलं, "मॅडम, आमचा फ्लेम फोटोमीटर बंद होता. सोडियम फरकाने काढलंय." फ्लेम फोटोमीटर हे सोडियम मोजायचं उपकरण. ते बंद, म्हणून त्याने ऋणायनांची बेरीज घेतली, त्यातून कॅल्शियम-मॅग्नेशियम वजा केलं आणि जे उरलं ते सोडियम मानलं. असं करतात, त्यात लबाडी नाही. पण मग बॅलन्स शून्यच येणार. तो तपासणीचा पुरावा उरत नाही, कारण ते शून्य आपणच ओतलेलं असतं. पद्धतीच्या प्रकरणात "सोडियम वजाबाकीने काढले आहे" एवढं एक वाक्य असतं आणि शेवटचा रकाना काढून टाकलेला असता तर मी त्याचं काम जास्त विश्वासाने वाचलं असतं. उपकरण बंद असणं ही त्या मुलाची चूक नव्हती. ते न लिहिणं ही होती, आणि त्याचे गुण मी कापले. तो हिरमुसला. मी त्याला कारण नीट समजावलं, कारण उद्या हाच मुलगा एखाद्या प्रयोगशाळेच्या अहवालावर सही करणार आहे.

पण मला सांगायचंय ते दुसऱ्या प्रबंधाबद्दल. साधी बांधणी, रंगीत नकाशे दोनच, इंग्रजी ठिकठिकाणी अडखळणारं. एका मुलीने स्वतःच्या तालुक्यातल्या 32 विहिरींचं पाणी मे आणि नोव्हेंबर अशा दोन फेऱ्यांत तपासलं होतं. पावसाळ्याआधी आणि नंतर. सगळा बेसाल्टचा मुलूख, उथळ विहिरी, कांदा आणि ऊस. तिचा शेवटचा रकाना पहिल्या नजरेत उत्तम होता. बहुतेक ठिकाणी 2 ते 5 टक्के. फक्त दोन विहिरींत साडेपाचच्या आसपास, आणि त्या दोन तिने गाळल्या नव्हत्या. खाली प्रामाणिक टीप होती: मर्यादेबाहेर, कारण सापडले नाही.

मी पान उलटणार तेवढ्यात एक गोष्ट खटकली. रकान्यातल्या सगळ्या आकड्यांपुढे अधिकचं चिन्ह होतं. सगळ्या. एकही उणे नाही.

टायट्रेशन करताना, म्हणजे थेंबाथेंबाने द्रावण सोडून मोजताना, हात कधी एक थेंब जास्त सोडतो, कधी कमी. तशा चुका दोन्ही बाजूंना पडतात. 32 विहिरी, दोन फेऱ्या आणि प्रत्येक वेळी धन बाजूच जड, हे हाताच्या थेंबाने होत नाही. कुठेतरी एक धनायन सातत्याने जास्त धरलं गेलंय किंवा एक ऋणायन सातत्याने कमी. मी 17 नंबरची विहीर घेऊन बसले. धनायनांची बेरीज 9.10, ऋणायनांची 8.38. फरक 4.1 टक्के. नियमात बसत होतं. मग तिने विहिरीवरच मोजलेली विद्युत्वाहकता पाहिली: 905. ढोबळमानाने धनायनांच्या बेरजेला 100 ने गुणलं की वाहकतेच्या जवळ जाणारा आकडा येतो. 910 आला. तीच रीत ऋणायनांना लावली तर 838. इतर विहिरींतही तोच कल. म्हणजे धन बाजू बहुधा बरोबर होती. ऋण बाजूला काहीतरी हरवलं होतं.

काय हरवलं असेल ते शोधायला मी मुलाच्या भूमितीच्या वहीतला आलेखकागद फाडला. आडव्या अक्षावर एकेक ऋणायन, उभ्या अक्षावर त्या विहिरीतली तूट. बायकार्बोनेट घेतलं तर ठिपके विखुरले. क्लोराइडशी थोडासा संबंध दिसला. नायट्रेट घेतलं आणि ठिपके जवळजवळ एका रेषेत आले. नायट्रेट 3 असलेल्या विहिरीत तूट नगण्य, 12 च्या विहिरीत 0.7, 21 च्या विहिरीत 1.2. टीप लिहिलेल्या त्या दोन विहिरी सगळ्यात जास्त नायट्रेटच्याच निघाल्या.

रात्रीचे साडेअकरा झाले असतील. मला काय झालंय ते कळलं होतं, पण खात्री करायला प्रबंधात काही नव्हतं. पद्धतीच्या प्रकरणात फक्त "100 पीपीएमचे प्रमाण द्रावण वापरले" एवढंच होतं. प्रमाण द्रावण म्हणजे ताकद माहीत असलेलं द्रावण, त्याच्याशी ताडून नमुन्याचा आकडा काढतात. 100 पीपीएम म्हणजे लिटरला 100 मिलिग्रॅम. पण कशाचे 100, ते नव्हतं.

नायट्रेट दोन प्रकारे मोजतात. एक, पूर्ण नायट्रेट म्हणून. दुसरा, त्यातला फक्त नायट्रोजन म्हणून. नायट्रोजनचं अणुवजन 14, पूर्ण नायट्रेटचं वजन 62, म्हणून नायट्रोजनमधल्या आकड्याला 4.43 ने गुणलं की नायट्रेट मिळतं. अमेरिकेतली पिण्याच्या पाण्याची मर्यादा लिटरला 10 मिलिग्रॅम आहे, पण ती नायट्रोजन म्हणून. आपल्या भारतीय मानक ब्यूरोच्या आयएस 10500 : 2012 मध्ये ती 45 आहे, नायट्रेट म्हणून. दोन्हींचा अर्थ जवळपास एकच. कठीणपणाला आपल्या मानकात 200 ही स्वीकारार्ह मर्यादा आहे आणि दुसरा स्रोत नसेल तर 600 पर्यंत सवलत आहे. नायट्रेटला अशी सवलत नाही. 45 म्हणजे 45.

त्या मुलीने तिच्या तक्त्यातले 12, 15, 21 हे आकडे 45 शी ताडून पाहिले होते आणि निष्कर्षात लिहिलं होतं: अभ्यासक्षेत्रातील सर्व विहिरींचे पाणी नायट्रेटच्या दृष्टीने पिण्यास सुरक्षित आहे. तिचे आकडे नायट्रोजनचे असतील तर 12 चे 53 होतात आणि 21 चे 93.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी विभागप्रमुखांना फोन केला आणि विनंती केली की शनिवारी प्रत्येक विद्यार्थ्याने प्रयोगशाळेचं जर्नल आणि फिरतीची वही बरोबर आणावी. त्यांनी विचारलं, "मॅडम, काही गडबड आहे का?" मी म्हटलं, "पाहिल्याशिवाय मी काही बोलणार नाही, सर. पण जर्नल लागेल."

शनिवारी तिची पाळी चौथी होती. काठाची साडी, हातात पेनड्राइव्ह, काखेत दोन वह्या. सादरीकरण इंग्रजीत सुरू केलं आणि तिसऱ्याच स्लाइडवर आवाज अडकायला लागला. पाठ केलेलं निसटत होतं. मी तिला थांबवलं आणि म्हटलं, "मराठीत सांग. विहिरीवर गेलीस तिथपासून सांग." मार्गदर्शकांनीही मान हलवली. मग ती बोलायला लागली. बाटली आधी त्याच पाण्याने तीनदा विसळायची, हातपंप असेल तर आधी पाच मिनिटं हापसायचा, बर्फाच्या डब्यात नमुने ठेवून त्याच दिवशी एसटीने महाविद्यालयात आणायचे. एकदा गाडी चुकली तेव्हा तिने रात्री घरच्या फ्रिजमध्ये बाटल्या ठेवल्या होत्या आणि ते वहीत लिहिलं होतं. मी या विषयात बरीच वर्षं आहे. नमुना घेण्याची इतकी स्वच्छ हकीकत मी मोजक्याच विद्यार्थ्यांच्या तोंडून ऐकली आहे.

मी फिरतीची वही मागितली. निळ्या पुठ्ठ्याची, शंभर पानी, कडेला पाण्याचे डाग. 17 नंबरच्या पानावर विहिरीचा छोटा नकाशा होता, वर उत्तरेचा बाण. कठडा तुटलेला, असं लिहिलेलं. गोठा, आठ जनावरं. उकिरडा, विहिरीपासून 14 पावलं, चढाच्या अंगाला. पलीकडे कांदा, युरिया दिलेला, शेतकऱ्याला विचारून लिहिलेली तारीख. आणि या सगळ्यातलं एक अक्षरही प्रबंधात आलेलं नव्हतं. प्रबंधात त्या विहिरीचे अक्षांश-रेखांश होते, खोली होती, आकडे होते. बेसाल्टमधून कॅल्शियम येतं, मॅग्नेशियम येतं, नायट्रेट येत नाही. ते शेणातून, मुतातून, शोषखड्ड्यातून आणि खतातून येतं. ते कुठून येतंय हे तिने डोळ्यांनी पाहून, पावलांनी मोजून ठेवलं होतं. मग प्रबंधात का नाही घेतलं? "मॅडम, सीनियरच्या थीसिसमध्ये तसं नव्हतं."

मग जर्नल. नायट्रेटचं पान शोधलं. 220 नॅनोमीटरला वाचन, सेंद्रिय पदार्थांची वजावट करायला 275 ला वाचन, ब्लँक, पाच प्रमाण द्रावणं, सरळ रेषेचा आलेख, सगळं जागच्या जागी. आणि वर डाव्या कोपऱ्यात, बॉलपेनाने: पोटॅशियम नायट्रेट 0.7218 ग्रॅम, एक लिटर. खाली मार्गदर्शकांची सही.

मी बोट ठेवून विचारलं, "हे 0.7218 कुठून आलं?"

"पद्धतीच्या पुस्तकात दिलंय, मॅडम. 100 पीपीएमसाठी तेवढंच घ्यायचं."

"बरोबर. त्यात नायट्रेट किती आलं? फळ्यावर काढ."

तिने खडू घेतला. पोटॅशियम 39.1, नायट्रोजन 14, ऑक्सिजन तीनदा 16. एकूण 101.1. त्यातलं नायट्रेट 62. 721.8 मिलिग्रॅमला 62 ने गुणून 101.1 ने भागलं. उत्तर लिहिलं, 442.6. मग खडू तसाच फळ्याला टेकवून ती थांबली.

"हे तर 100 यायला पाहिजे."

"100 कशाचं येतं बघ बरं."

तिने नायट्रोजनचे 14 घेऊन पुन्हा गणित केलं. 99.95. खोलीत कुणी बोललं नाही. तिने मागे वळून स्वतःच्या स्लाइडकडे पाहिलं, निष्कर्षाची स्लाइड अजून पडद्यावर होती. मग तिने जे केलं त्यासाठी मी तिला मनातल्या मनात अर्धे गुण तिथेच दिले. ती सबबी सांगत बसली नाही, माझ्या पुढच्या प्रश्नाची वाट पाहिली नाही. परिशिष्ट उघडलं आणि एकेका आकड्याला 4.43 ने गुणत गेली, फळ्यावर, वरून खाली. 45 च्या वर गेलेल्या विहिरींभोवती गोल करत गेली. मे महिन्याच्या फेरीत अकरा गोल झाले.

17 वर आली तेव्हा तिचा आवाज बदलला. "मॅडम, इथल्या काकूंची सून बाळंतपणाला माहेरी गेली होती, आता बाळाला घेऊन आलीये. मी नोव्हेंबरात त्यांना सांगून आले की पाणी चांगलं आहे म्हणून."

सहा महिन्यांच्या आतल्या बाळाला नायट्रेट जास्त असलेल्या पाण्यात पावडरचं दूध कालवून पाजलं तर रक्ताची ऑक्सिजन वाहून नेण्याची ताकद कमी होऊ शकते, ओठ-नखं निळसर पडतात. 45 ची मर्यादा मुळात या बाळांसाठी आहे. तिला हे माहीत होतं, दुसऱ्या प्रकरणात तिने ते लिहिलंही होतं. तिने विचारलं, "त्यांना उकळून प्यायला सांगू का?"

"नाही. उकळल्याने नायट्रेट जात नाही. पाणी आटतं तसं ते आणखी दाट होतं. क्लोरीन टाकूनही जात नाही. बाळासाठी दुसरीकडचं पाणी आणायचं, एवढंच सध्या सांग. आणि आधी नमुना पुन्हा घे, त्याच विहिरीचा, आणि दुसऱ्या प्रयोगशाळेकडूनही तपासून घे. आज आपण फळ्यावर गुणाकार केलाय, पण गावाला सांगायला नवा आकडा हवा."

मार्गदर्शक सर तोवर गप्प होते. ते उठले, जर्नलचं ते पान स्वतःकडे घेतलं आणि तिच्यासमोरच म्हणाले, "यावर माझी सही आहे. ही चूक माझीही आहे." त्यांच्याकडे त्या वर्षी आठ विद्यार्थी होते, शिवाय बी.एस्सी.चे तास. मला त्यांच्याबद्दल आदर वाटला. विद्यार्थ्यासमोर असं बोलणारे मार्गदर्शक मी फार पाहिलेले नाहीत.

दुपारी गुण भरायला बसलो तेव्हा खरा पेच आला. मुख्य निष्कर्ष चुकीचा असलेल्या प्रबंधाला किती द्यायचे? अंतर्गत परीक्षकांचं म्हणणं होतं की निष्कर्षच उलटा, मग जेमतेम पास करावं. तेही वावगं नव्हतं. हा प्रबंध ग्रंथालयात गेला असता, पुढच्या वर्षीच्या मुलांनी त्यातून उतरवून घेतलं असतं की इथे नायट्रेटची अडचण नाही.

मी माझं मत सांगितलं. मास्टर्सच्या विद्यार्थ्याकडून मी नवा सिद्धान्त मागत नाही. त्याने दिलेल्या प्रत्येक आकड्याचा माग मला विहिरीपर्यंत काढता आला पाहिजे, हे मागते. नऊ प्रबंधांपैकी फक्त हिच्याच कामात मी चूक शोधू शकले, ती कुठे झाली, किती पटीने झाली हे सांगू शकले, आणि एकही नमुना पुन्हा न तपासता अख्खा तक्ता सुधारता आला. हे तिच्या जर्नलमुळे आणि न गाळलेल्या त्या दोन विहिरींमुळे झालं. बाकीच्यांमध्ये अशी चूक असती तर कळलीच नसती. एका प्रबंधात तर पायपरची 1944 ची आकृती, जिच्यात प्रत्येक नमुन्यातल्या आयनांचं प्रमाण ठिपक्याने दाखवतात, पानभर छापली होती, आणि त्यातला एखादा ठिपका कुठल्या विहिरीचा असं विचारलं तर मुलाला सांगता येत नव्हतं. त्याचं साम्य 4 टक्के होतं.

बराच वेळ बोलणं झालं. शेवटी निष्कर्षाच्या 20 पैकी तिला 8 दिले. त्यात मी तडजोड केली नाही, कारण चुकीच्या "सुरक्षित" ची किंमत गावाने मोजली असती. पद्धतीच्या 30 पैकी 24. एकक न लिहिल्याचे गुण तिथे कापले. तोंडीच्या 30 पैकी 28. बाकीच्या रकान्यांत फारसं दुमत नव्हतं.

गुण त्याच दिवशी संगणकात भरून बंद करावे लागतात आणि त्यानंतर दुरुस्ती करून घ्यायची काही सोय तिथल्या नियमांत नव्हती. पीएच.डी.ला परीक्षक दुरुस्त्या सुचवतो, विद्यार्थी त्या करतो, मग प्रत पुढे जाते. मास्टर्सच्या मुलांना ही संधी का मिळू नये हे मला कधीच समजलेलं नाही. दुरुस्त करणं हेच तर शिकायचं असतं. मी परीक्षकाच्या अहवालात लिहिलं की सुधारित प्रत आल्याशिवाय मूळ प्रत ग्रंथालयात दाखल करू नये, आणि त्याची एक प्रत विभागप्रमुखांकडून सही करून घेतली. नियमाचा आधार नव्हता. त्यांनी ऐकलं.

तीन-साडेतीन आठवड्यांनी टपालाने जाड पाकीट आलं. सुधारित प्रबंध, आणि त्याला जोडून ग्रामपंचायतीला दिलेल्या पत्राची प्रत, कोपऱ्यात आवक क्रमांकाचा जांभळा शिक्का. पत्रात अकराही विहिरींचे नवे आकडे होते, दोन प्रयोगशाळांचे, शेजारी शेजारी. खाली तिने हाताने लिहिलं होतं की 17 नंबरच्या घरी बाळाला अंगावरचंच दूध आहे, वरचं पाणी अजून सुरू केलेलं नाही, आणि आता ते लोक टाकीवरून हंडा आणतात.

प्रबंधात एक नवं प्रकरण होतं, सहा पानांचं. गोठे, उकिरडे, शोषखड्डे, विहिरीपासून किती पावलं, चढाला की उताराला. वहीतलं सगळं तिथे आलं होतं. अंतर आणि नायट्रेट यांचा आलेख काढला होता. ठिपके नीट रेषेत नव्हते, आणि नाहीत असंच तिने लिहिलं होतं.

मग मी परिशिष्ट उघडलं. नायट्रेटच्या रकान्यावर आता पूर्ण शीर्षक होतं: मिलिग्रॅम प्रति लिटर, नायट्रेट म्हणून. शेवटच्या रकान्यात पेन्सिल फिरवत खाली गेले. अधिक 0.9, उणे 1.4, उणे 0.6, अधिक 2.1. 17 पुढे अधिक 0.3.